बोलावलं दोनदा, निरोप एकदा

भिया राम! हा आमचा इंदुरी नमस्कार. या, बसा, पण पहिले एक शर्त. ही गोष्ट संपेल तेव्हा कुणीतरी एक जण किंमत मोजत बसलेला असेल. कोण, ते आत्ताच सांगून टाका. पोरीचं नाव घेताय? घ्या. काकांचं? घ्या. माझं घेणार असाल तर राहू द्या, मी पडलो फुकटचा माल. ओळखलंत तर तुम्ही हुशार. नाही ओळखलंत तर मला हसायला मिळेल, आणि या म्हाताऱ्याला दुसरं पायजे तरी काय?

मी एक लायब्ररी बोलतोय. पुस्तकांची नाही हो! ते कपाट, ती धूळ, तो 'शांतता राखा'चा बोर्ड, त्याच्याशी आपलं काही नातं नाही. मी कॉम्प्युटरमधली. सी भाषेतल्या प्रोग्रामला लागणारी. नाव लिबतिखट. पुढं डॉट एसओ लावतात, पण आडनावानं मला कुणी हाक मारत नाही.

शिक्षण विचाराल तर दोनच अक्षरं येतात, शून्य आणि एक. त्यात पण कधी कधी गडबड होते.

माझा बाप संजीव. इंदूरचाच. त्याचे पणजोबा होळकरांच्या फौजेत घोड्यावर बसायचे, म्हणून त्यांच्या घरात तलवार आहे. हा दिवसभर खुर्चीवर बसतो, म्हणून पाठदुखीचं तेल पण आहे. त्यानं मला लिहिलं, आणि जीसीसी नावाच्या सुईणीनं, म्हणजे कंपायलरनं, बाहेर काढलं. जन्मल्याबरोबर ती म्हणाली, "या पोराची जागा ठरलेली नाही. कुठंही ठेवा, राहील." तोच माझा स्वभाव. मेमरीत कुठं पण चटई टाका, मी पसरलोच.

माझी नोकरी शोभनाकाकूंच्या चिवड्याच्या कारखान्यात. राजेंद्र नगरच्या जरा पुढं आहे. तिथं एक मोठा ड्रम फिरतो. एका बाजूनं तळलेले पोहे आत जातात, वरून मसाला पडतो, दुसऱ्या बाजूनं चिवडा बाहेर. ड्रमच्या वर दोन डबे. एकात पिवळ्या मिरचीची पूड, दुसऱ्यात पिठीसाखर, मीठ आणि हळद. दोन्ही डब्यांखाली फिरकी असते. कुठली फिरकी किती फिरवायची, ते सांगायचं काम माझं. ड्रमच्या बाजूला भिंतीवर लोखंडी डबा ठोकलाय, त्यात कॉम्प्युटर, आणि त्यात आपण.

तुम्ही म्हणाल, प्रोग्राम स्वतःच का नाही सांगत? अहो, लग्नघर स्वतः बुंदी पाडतं का? आचारी बोलावतं. काम झालं की आचारी जातो. उद्या दुसरी चव पायजे, तर दुसरा आचारी आणा. घर तेच राहतं, भट्टी विझवावी लागत नाही. आम्ही लायब्ररी लोक म्हणजे असे बोलावलेले आचारी. बोलावण्याला डीएल-ओपन म्हणतात, निरोपाला डीएल-क्लोज.

आणि दारात एक दरवान असतो. त्याला लोडर म्हणतात. माझ्यापेक्षा अडाणी. तो बोटांवर हिशोब ठेवतो. मला एकदा बोलावलं की एक बोट वर. पुन्हा बोलावलं, दुसरं बोट वर. मी एकच, पण बोटं दोन. एक निरोप आला की एक बोट खाली. सगळी बोटं खाली गेली तरच तो माझी चटई गुंडाळतो. एक जरी बोट वर असलं, तरी मी आत लोळत पडायला मोकळा.

हे एवढं ध्यानात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल.

आता काका. पंढरीनाथकाका म्हणजे शोभनाकाकूंचे यजमान. कारखाना काकूंचा, हिशोब काकूंचा, आवाज पण काकूंचा. काकांची फक्त एक खुर्ची. ड्रमच्या तोंडाशी ठेवलेली, प्लास्टिकची, एक पाय जरा वाकडा. काका त्या खुर्चीत बसायचे, गरम चिवड्यात हात घालायचे, मूठभर तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "जाने दो." काकांनी "जाने दो" म्हटलं की माल पाकिटात. नाही म्हटलं तर काकू स्वतः मला येऊन रागवायच्या, म्हणजे डब्यावर दोन थापा. काकांशिवाय दुसऱ्या कुणी चव घ्यायची नाही, असा तिथला कायदा.

खरं सांगू? ती मूठ म्हणजे काकांचा सगळा दिवस होता. पोरं बाहेरगावी. पेपर वाचून वाचून किती वाचणार? पण ड्रमशी बसले की राजे.

मग डॉक्टरांनी घात केला. पोटात जळजळ, तपासण्या, नळी घालून फोटो, आणि शेवटी हुकूम: तिखट बंद.

काका घरी बसले. दोन-चार दिवसांत माणूस सुकला. काकूंच्या मागे मागे फिरायचे. डाळीत डोकावायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजायचे आणि काकूंना सांगायचे की एक जास्त झाली. काकू म्हणाल्या, "हे असंच चाललं तर मी यांच्या आधी दवाखान्यात जाईन."

तेवढ्यात नाशिकच्या एका दुकानदारानं फोन केला. त्याला फिका चिवडा पायजे होता, लहान पोरांना आणि दात नसलेल्यांना चालेल असा. काकूंनी फोन ठेवला आणि काकांना बोलावलं.

"हे बघा. फिका सुरू करतेय. त्याची चव तुम्ही घ्यायची. तिखटाच्या दिवशी कारखान्यात पाय नाही टाकायचा."

"मंजूर," काका म्हणाले.

"आणि फिका जमला नाही, तर खुर्ची उचलून घरी. मग तिकडं यायचंच नाही."

काकांचा चेहरा असा झाला, जसं कुणी ताट समोरून ओढलं. मला आत बसल्या बसल्या मजा वाटली, खोटं कशाला बोलू? पण थोडं वाईट पण वाटलं. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचं वाटतंच.

आता फिका चिवडा करायचा तर माझ्या जागी दुसरा आचारी पायजे. संजीव तोपर्यंत विजय नगरला दुसऱ्या कंपनीत गेला होता. त्याच्या जागी आलेली ऋजुता. रत्नागिरीची. हळू बोलते, पटकन टाइप करते. इंदूरला आली तेव्हा पोह्यावर शेव बघून घाबरली होती, आता शेवेवर पोहे घालते. तिनं नवीन लायब्ररी लिहिली. नाव तेच, लिबतिखट, कारण प्रोग्राम त्याच नावानं हाक मारतो. पण आतून एकदम साधा पोरगा. मिरचीची फिरकी जवळपास बंद, साखरेची चालू. मला तिनं नाव बदलून 'जुना' करून डिस्कवर ठेवलं. जुना! मी काहीच बोललो नाही. मला बोलता कुठं येतं?

पण एक गंमत ऐका. नाव बदललं ते डिस्कवर, म्हणजे कोठारात. मेमरीत, म्हणजे कामाच्या जागी, मी तसाच लोळत होतो.

दिवस ठरला अंगारकीचा. काकूंनी ठरवला. नवीन काम बाप्पाच्या दिवशी सुरू करायचं. सकाळी खजराण्याच्या गणपतीला जाऊन आल्या, कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू लावलं, फूल ठेवलं. फूल पंख्यानं उडून ड्रममध्ये पडणार होतं, ऋजुतानं झेललं. काकूंचा उपास. ऋजुताचा उपास. पॅकिंगच्या सगळ्या बायकांचा उपास. एक काका सोडले तर त्या छपराखाली कुणाच्या पोटात साबुदाण्याशिवाय काही नव्हतं. काकांचं म्हणणं, त्यांना उपास डॉक्टरांनी मना केलाय. डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं.

दारात ट्रक उभा. ड्रायव्हर लक्ष्मण, तोंडात पान, बोलला की लाल फवारा. "काकूजी, मानपूरचा घाट मला उजेडात उतरायचाय. चार-साडेचारला निघतो, माल असो नसो."

भट्टी पेटलेली, ड्रम फिरतोय. ड्रम थांबवला तर आतला चिवडा गोळा होऊन बसतो, मग खरवडत बसा. म्हणून ऋजुता म्हणाली, "काकू, काही बंद करायचं नाही. चालत्या मशीनमध्ये बदलते."

तिनं बटण दाबलं. मला निरोप आला: डीएल-क्लोज.

दरवानानं एक बोट खाली केलं. त्याच्या हाताकडं मी बघितलं. एक बोट अजून वर होतं! मी चटईवरून उठलो पण नाही. कूस बदलली फक्त.

दरवान पण असा बेरकी की ऋजुताला म्हणाला, शून्य. आमच्याकडे शून्य म्हणजे 'तुमचं काम झालं'. काम झालं म्हणजे काय, तर बोट खाली गेलं. पाहुणा गेला की नाही, ते तो सांगत नाही. तुम्ही पण कधी पाहुण्यांना बघितलंय ना? "बराय, येतो" म्हणतात, चपला घालतात, आणि दारात उभं राहून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. घरातल्यांना वाटतं गेले, आणि ते जिन्यात कुणाच्या लग्नाचं सांगत असतात. तसा मी.

मग ऋजुतानं नव्या पोराला हाक मारली. "लिबतिखट, ये." दरवानानं आत डोकावलं. "लिबतिखट? हा काय, बसलाय की!" आणि माझ्याच नावानं पुन्हा एक बोट वर केलं. नवा पोरगा बिचारा डिस्कवर नटून बसून राहिला.

ऋजुतानं स्क्रीन बघितली. सगळं हिरवं. "झालं, काकू."

काकूंनी बाप्पाला हात जोडले. आणि मी मिरचीची फिरकी फिरवली, रोजच्यासारखी, दिलदार.

मिरची पिवळी, हळद पण पिवळी. बघून कुणाला काय कळणार?

पहिला चिवडा बाहेर पडला. काका खुर्चीत. पांढरा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. मूठ भरली, तोंडात टाकली, डोळे मिटले.

पहिल्यांदा चावले, काही नाही. मग भुवई वर गेली. मग कान लाल. मग काकांनी डोळे उघडले आणि इतक्या दिवसांनी भेटलेल्या दोस्ताकडे बघावं तसं त्या ड्रमकडे बघितलं.

ओळखलं मला त्यांनी. पक्कं ओळखलं.

"काय हो? कसा आहे?" काकूंनी विचारलं.

काकांनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा खुर्चीच्या हाताकडं. तिखट आहे म्हणावं, तर फिका फसला, आणि खुर्ची घरी. तिखट नाही म्हणावं, तर खुर्ची इथंच. आणि वरून ती चव जिभेवर.

"फिका," काका म्हणाले. "एकदम फिका."

"मग डोळ्यात पाणी कसलं?"

"नाशिकवाल्यांचं वाईट वाटलं गं. असलं फिकं खाणार बिचारे."

"बरं. मग म्हणा."

"जाने दो," काका म्हणाले, आणि दुसरी मूठ भरली.

हसून हसून माझी सगळी शून्यं एक व्हायची वेळ आली. आत मी, बाहेर काका. दोघं म्हातारे, दोघांना जायचं नाही, आणि दोघांचं गुपित एकच.

पाकिटं भरायला लागली. पाकिटावर हसणाऱ्या बाळाचं चित्र. आत मी.

काकांनी तिसरी मूठ घेतली. ऋजुता म्हणाली, "काका, प्रत्येक वेळी एवढा घ्यायलाच पायजे का?"

"बेटा, क्वालिटी म्हणजे क्वालिटी. हिक्!"

"उचकी लागली?" काकू वळल्या.

"कुणीतरी आठवण काढतंय. हिक्! तुझ्या माहेरचे असतील."

"माझ्या माहेरचे तुमची आठवण काढत नाहीत. पाणी प्या."

काका पाणी प्यायले. मिरचीवर पाणी! उचकी दुप्पट. पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. काकू पण हसल्या. वाटलं, आज नवऱ्याची खुर्ची परत मिळाली, बिचारा खुश आहे, खाऊ दे.

हेच बघून मला जरा कसंतरी झालं. त्या पाकिटावरचं बाळ. त्या नाशिकच्या दुकानात उद्या एखादी आजी नातवाच्या हातात हे पाकीट देणार. मग काकूंचं नाव काय राहणार? पण मी काय करू? मला विचारलं तेवढंच सांगतो, फिरकी इतकी फिरवा. न विचारता बोलायची आम्हाला सोय नाही.

तेवढ्यात दारात आवाज. "भिया राम, काकू!"

माझा बाप आला. संजीव. नवीन चिवडा निघणार म्हणून ऑफिसातून पळून आलेला.

"संजीव, आज अंगारकी आहे," काकू म्हणाल्या. "आज तुला काही मिळणार नाही."

"काकू, माझं बाप्पाशी सेटिंग आहे. मोदक त्याचे, चिवडा माझा."

"चव फक्त हे घेतात."

"मी चव नाही घेत, मी खातो. दोन्ही वेगळं आहे ना यार." आणि त्यानं ड्रमखालच्या परातीत हात घातला.

काका खुर्चीतून अर्धे उठले. "अरे संजीव, राहू दे, फिका आहे, तुला नाही आवडणार, हिक्!"

पण मूठ तोंडात गेली होती. संजीव चावायचा थांबला. मग पुन्हा चावला. मग ऋजुताकडं बघितलं.

"भिया, हा फिका आहे?"

"हो. का?"

"मग तुमच्यात तिखट काय ॲसिडला म्हणतात का? अरे, हे माझं पोरगं आहे! या तिखटाचा हात मी झोपेत ओळखीन!"

काकू हळूच वळल्या. काकांनी ओठ घट्ट मिटले होते. पण उचकीला कोण थांबवणार?

"हिक्."

"तुम्हाला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

काका खुर्चीच्या वाकड्या पायाकडं बघत राहिले. "शोभना, तू म्हणालीस ना, जमलं नाही तर घरी. मी म्हटलं, आजचा एक दिवस..."

काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त भरलेल्या पाकिटांकडं बघितलं आणि मग दारातल्या ट्रककडं. तिकडून लक्ष्मणचा हॉर्न. "काकूजी, घाट!"

ऋजुताचा चेहरा पडला, पण हात चालू. "पण शून्य आलं होतं," ती स्वतःशीच पुटपुटली. "क्लोज तर झालं होतं." मग एकदम मान वर केली. "संजीवजी, तुम्ही याला किती वेळा बोलावलंय?"

"दोनदा."

"का?"

"का म्हणजे? सकाळी प्रोग्राम सुरू झाला की आमंत्रण. मग भट्टी पेटली की पुन्हा बोलावणं, की बाबा, पानं मांडली, चला. आमच्या घरी एकदा बोलावून कुणी पाटावर बसत नाही. आमच्या मामांना तर तिसऱ्यांदा माणूस पाठवावा लागतो."

"आणि निरोप?"

"निरोप कोण देतं यार? जेवला की माणूस आपला जातो."

"अहो, हा नाही जात! जितक्यांदा बोलावलं तितक्यांदा निरोप लागतो. आमच्या रत्नागिरीत एकदाच बोलावतात. आला नाही तर त्याचं पान दुसऱ्याला."

"म्हणून तर तुम्ही लोक बारीक आहात," संजीव म्हणाला. आणि मग त्याची जीभ खरी पेटली. तो नळाकडं पळाला.

ऋजुतानं लॅपटॉप जोडला. चालत्या प्रोग्रामच्या कानात बोलायचं एक अवजार असतं, जीडीबी. त्यानं प्रोग्रामला एका श्वासापुरतं थांबवता येतं आणि सांगता येतं, हे कर, ते कर. संजीव नळावरून ओरडला, "दोन क्लोज मार ना! विषय खतम!"

"थांबा हो. घड्याळाकडं याचा पत्ता आहे."

पोरगी हुशार. बघा, प्रोग्राममध्ये एक घड्याळ असतं. ते ठरल्या वेळी येऊन माझ्या जागेवर टकटक करतं, "किती फिरवू?" मी गेलो आणि घड्याळाकडं माझा जुना पत्ता राहिला, तर ते रिकाम्या प्लॉटवर जाऊन टकटक करणार. मग सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणजे सगळं घरच खाली. प्रोग्राम मेला, आणि फिरक्या थांबवायला कुणी नाही, सगळी मिरची ड्रममध्ये. मग नाशिक काय, मानपूरपर्यंत लोक शिंकले असते.

ऋजुतानं पहिले घड्याळाकडून माझा पत्ता काढून घेतला. मग मला निरोप दिला. एक बोट खाली. पुन्हा निरोप. दुसरं बोट खाली. दरवानानं मूठ मिटली आणि माझ्याकडं बघितलं.

भिया, एवढ्या रीतीनं मला आजपर्यंत कुणी निरोप दिला नव्हता. मी जाताना सगळं आवरलं, जी मेमरी उसनी घेतली होती ती परत केली, चटई झटकली. ऋजुतानं दरवानाला विचारलं, "लिबतिखट आत आहे?" दरवान म्हणाला, "कोण?"

हलकट.

मग नव्या पोराला बोलावलं, घड्याळाला त्याचा पत्ता दिला, आणि मी डिस्कवरच्या माझ्या खाटेवरून ऐकत राहिलो. मेमरीतून गेलो म्हणजे मेलो नाही. खाट त्याच लोखंडी डब्यात आहे, बाहेरचं सगळं ऐकू येतं.

तिखट पाकिटं बाजूला काढली. ती फोडून इथल्याच कृष्णपुऱ्याच्या दुकानांना तिखट म्हणून जाणार, ते ठरलं. नवीन चिवडा बाहेर पडायला लागला. पिवळा. हुबेहूब तसाच पिवळा.

आता चव कोण घेणार?

"मी बघतो ना," काका म्हणाले.

काकूंनी नुसतं बघितलं. काका खाली बसले.

संजीव जीभ बाहेर काढून उभा. "काकू, मला आत्ता साखर दिली तरी ती तिखट लागेल." लक्ष्मण म्हणाला, मी खातो, पण त्याच्या तोंडातल्या पानात तंबाखू एवढी की त्याला विटेचा तुकडा पण गोडच लागला असता. पॅकिंगच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना उपास मोडा म्हणणं काकूंच्या तोंडून निघालं नसतं.

ऋजुता पुढं आली. "काकू, चूक माझ्या मशीनची. मी मोडते उपास."

"नको गं. स्वतःच्या मशीनला कुणी नापास करतं का? तुझ्यावर अविश्वास नाही. पण आपलं काही अडकलेल्यानं चव घेतली की काय होतं, ते आज मी एकदा बघितलं ना."

काका म्हणाले, "चंद्र निघेपर्यंत थांबू या. मग सगळेच खातील."

"तोपर्यंत मी घाटाखालचं गुजरी गाव ओलांडलेलं असेल," लक्ष्मण म्हणाला.

काकूंनी नळावर हात धुतले. खजराण्याच्या दिशेला तोंड करून एकदा हात जोडले. मग परातीतून चार दाणे उचलले, तोंडाशी नेले, आणि थांबल्या. चार दाण्यांनी तिखट कळत नाही, ते मागून येतं, हे त्यांच्याएवढं कुणाला माहीत? दाणे परत ठेवले. मूठ भरली. अख्खी.

चावल्या. गिळलं. मागचं तिखट येतंय का, म्हणून वाट बघितली.

"फिका आहे," त्या म्हणाल्या. "मीठ पण बरोबर. लक्ष्मण, गाडी लाव."

संजीवनं टाळी वाजवली, पॅकिंगच्या बायका कामाला लागल्या, ऋजुता कडेच्या बाकावर बसली आणि तिनं डोळे पुसले. ट्रक भरला, उजेडात निघाला. नाशिकवाल्यानं दुसऱ्या दिवशी फोन करून अजून माल मागितला, ते पण सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको.

पण त्या वेळी काका नुसते उभे होते. उचकी पण थांबली होती.

"शोभना, लग्नापासूनची एक पण सुटली नव्हती ना तुझी?"

"नव्हती. बाळंतपणात पण नाही."

"मी... खुर्ची उचलतो."

"राहू द्या खुर्ची. फिका जमलाय. शब्द दिलाय मी, बसा." काकूंनी हात पदराला पुसला. "पण मोडलेली अंगारकी कुणीतरी भरून काढायची."

"पुढची संकष्टी मी करतो. पक्का."

"एक नाही."

"मग?"

"सगळ्या."

"सगळ्या, मतलब... सगळ्या?"

"चंद्र दिसेपर्यंत. माझ्याबरोबर."

तर असं झालं. आता माझं विचाराल तर मी मजेत आहे. तिखटाच्या दिवशी मला बोलावतात, फिक्याच्या दिवशी निरोप देतात. ऋजुतानं माझ्या बापाचं दुसरं बोलावणं काढूनच टाकलं. एकदा बोलावणं, एकदा निरोप, आणि घड्याळाला आधी सांगायचं. आम्हा दोघांना नावं पण वेगळी दिली, त्यामुळं नवा पोरगा माझ्या नावावर उड्या मारत नाही. म्हातारपणात एवढी शिस्त लागेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही कधी सी मध्ये काही लिहिलंत, तर माझ्यासारख्या एखाद्याला बोलवाल. जरूर बोलवा. फक्त जितक्यांदा हाक माराल, तितक्यांदा "या आता" म्हणा, आणि आमचा पत्ता कुणाकुणाकडं दिलाय ते जरा बघून घ्या. आम्ही अडाणी माणसं. बोलावलेलं विसरत नाही.

आणि काका? फिक्याच्या दिवशी बसतात खुर्चीत, मूठ भरतात, राजे असतात. पण संकष्टी आली की चव घ्यायला संजीवला बोलावणं जातं. तो येतो, काकांच्याच खुर्चीत पाय पसरून बसतो आणि मुद्दाम कुरुमकुरुम आवाज करून खातो. काका बाजूला उभे. हात आपोआप परातीकडं जातो, काकू खाकरतात, हात मागे येतो.

"ऋजुता बेटा, आज चंद्र किती वाजता गं?"

"नऊ वाजून गेल्यावर, काका."

"आणि ढग असले तर?"

"तर दिसेपर्यंत थांबायचं," काकू म्हणतात, आणि साबुदाण्याची वाटी त्यांच्या हातात देतात. मिरची न घातलेली.